डोंगराचं झाकण

फोन वाजला तेव्हा गाडी डोंगरात होती.

सीताराम त्याच फोनवर गाडीचा व्हिडिओ काढत होता. बायकोने, विमलनेच तसं सांगितलं होतं. ताप उतरलाय, उद्या दवाखान्यातून सोडतील, तोवर घरी जा आणि माझ्या डोंगरातून गाडी कशी जाते ते काढून आण, मला बघायचंय. इंजिन बोगद्यात शिरलं, मागून तीन डबे शिरले आणि स्क्रीनवर मुलीचं, प्रीतीचं नाव आलं. प्रीती रडत नव्हती. "पप्पा, आई गेली," एवढंच म्हणाली. सीताराम तसाच अनवाणी जिना उतरला. गाडी पलीकडून बाहेर आली की नाही, ते त्याने पाहिलं नाही.

मग कोळसेवाडीतलं ते घर माणसांनी भरलं. विमलला हॉलमध्ये ठेवायला जागा हवी होती. टीपॉय बाहेर गेला, दिवाण गेला. दिवाणावर प्लायवूड होतं. त्यावर खेळण्यातल्या गाडीचे रूळ, एक स्टेशन आणि विमलचा डोंगर, सगळं चिकटवलेलं. विमलचा भाऊ नाथा आणि शेजारचा सुमित यांनी ते उचलून गॅलरीत भिंतीला उभं करून ठेवलं.

पाहुणे पांगल्यावर सीतारामने ते आत आणून आडवं केलं. डोंगराच्या पोटात काहीतरी खडखडलं.

"हे उभं कुणी केलं?"

नाथा रविवारच्या पुण्यानुमोदनाच्या खुर्च्यांसाठी मंडपवाल्याशी फोनवर बोलत होता. त्याने फोन छातीशी धरला. "आम्हीच केलं, दाजी. मग काय ताईला जिन्यात ठेवायची होती?"

"आडवं नेता येत नव्हतं?"

"गॅलरीच्या दारातून आडवं जातं का? तुम्हीच सांगा. दाराहून मोठं बनवलंय. बनवताना दार मोजायचं असतं."

ते खरं होतं. म्हणून सीतारामचं डोकं आणखी तापलं. रिटायर झाल्यावर त्याने हा पहिलाच गाडीचा सेट आणला होता. मोबाईलवर बघून बघून शिकत होता आणि चुकत होता. पण गाडी धावत होती.

नाथाने फोन ठेवला आणि प्लायवूडचं एक टोक उचललं. सीतारामने दुसरं धरलं. तिरकं केल्यावर बोगद्यातून एकामागून एक डबे घसरत बाहेर आले. इंजिन आलं नाही. पुन्हा तिरकं केलं, हलवलं. आत आवाजसुद्धा झाला नाही.

"आडवं होऊन अडकलंय," नाथा म्हणाला. "मागून कापू या का? माझ्याकडे हॅक्सॉ ब्लेड आहे. कापलेला तुकडा परत चिकटवता येईल."

"हात तर लावून बघ."

"अहो, खेळणं आहे ते. इथे आपलं माणूस गेलंय आणि तुम्ही..."

"मला सांगतोस?"

सीताराम आता नाथाशी बोलतच नव्हता. तो डोंगराकडे बघत होता. विमल टोपल्या करायची तसाच तिने तो केला होता, भिजवलेल्या पेपरच्या लगद्यात मेथी वाटून घालून.

"सांगितलं होतं हिला. बोगद्याला मागून झाकण ठेव, सगळे ठेवतात, गाडी आत पडली तर हात घालता येतो. ऐकेल तर ना. म्हणे, डोंगराला कुठे झाकण असतं? म्हणे, पडली तर पडली, माझा हात जातो की, मी काढीन." त्याने डोंगरावर जोरात थाप मारली. "काढ ना मग. कशी काढतेस बघू."

प्रीती स्वयंपाकघरातून दारात येऊन उभी होती. तिने हातातल्या बांगड्या काढून फ्रिजवर ठेवल्या, गुडघ्यांवर बसली आणि बोगद्यात हात घातला. हात कोपरापर्यंत गेला.

"लागतंय का?" नाथाने विचारलं.

"टोक लागतंय. निघत नाहीये." ती आत चाचपत राहिली. मग चाचपणं थांबलं, पण हात आतच राहिला.

"काय झालं?"

"मामा, आईने आतून गुळगुळीत केलेलंच नाही. लगदा दाबलाय तसाच आहे. तिची बोटं लागतायत."

"हात काढ," सीताराम म्हणाला.

"पप्पा, माझी बोटं बरोबर बसतात त्यात."

"हात काढ म्हटलं ना."

तिने हात बाहेर काढला. ती उठेपर्यंतही सीताराम थांबला नाही. तिला बाजूला सारून त्याने आपला हात घातला. तो मनगटापुढे अडकला. त्याने रेटला. बोगद्याच्या तोंडाशी कातडी सोलली, लगद्याचा भुगा खाली पडला. त्याने खांदा लावून पुन्हा रेटला.

"दाजी, पुरे. रक्त येतंय."

"तुला काय करायचंय? तू खुर्च्या बघ."

नाथाने खुर्च्या बघितल्या. रविवारी कार्यक्रम नीट झाला. जाताना त्याने ब्लेड आणून स्टेशनाजवळ ठेवलं. प्रीती टिटवाळ्याला सासरी गेली. रोज संध्याकाळी तिचा फोन येतो. जेवलात का, एवढं विचारते.

सीताराम जेवतो. भांडी घासतो. दिवाणावर प्लायवूड आहे, म्हणून खाली गादी घालून झोपतो. डबे त्याने पुसून रुळावर उभे केले आहेत. इंजिन आत आहे. मागे झाकण करायचं राहिलं आहे.