घासून निघेल

लल्ला झहूरने काळा साबण शैमाच्या पोटावर थापला, खरखरीत हातमोजा चढवला आणि घासायला सुरुवात केली. होणारी सून पारखायची ती हमामात, बायकांच्या सार्वजनिक न्हाणीघरात, हे मोरोक्कोतल्या मेकनेसमधल्या कुठल्याही सासूला शिकवावं लागत नाही. दात बघून झाले होते, केस ओढून झाले होते, खांदे तर पसंतच पडले होते. घोडं अडलं ते बेंबीखाली. तिथे तपकिरी जाळी उमटली होती, भाजलेल्या भाकरीवर उमटते तशी.

"मळ असेल. निघेल," झहूर म्हणाली.

कातडी लालबुंद झाली. जाळी जागची हलली नाही.

"लल्ला," शैमा अदबीने म्हणाली, "मळ नाही तो. गरम पाण्याच्या पिशवीचे डाग आहेत. पाळीत इतकं दुखतं की पिशवी पोटावरून काढवत नाही."

"अगं, पाळीत कुणाचं दुखत नाही? आमच्या वियामचेही हेच नखरे. एक कानफटात ठेवून दिली की उठते मुकाट्याने!"

लेक वियाम कोपऱ्यात बसली होती, काखेपासून गुडघ्यापर्यंत पंचा गुंडाळून. वर्षभरात तिने आईला पाठही चोळू दिली नव्हती. लाजरी आहे माझी पोर, वळणाची आहे, असं झहूर चारचौघींत मिरवायची.

"नखरे नाहीत हे," शैमा म्हणाली. "गर्भाशयात असतं तसलं अस्तर बाहेर वाढतं. दर महिन्याला सुजतं, आतडीसुद्धा चिकटतात. मलाही सगळ्या 'सोस' म्हणायच्या. शेवटी एका डॉक्टरबाईंनी ओळखलं. गोळ्या चालू आहेत. नाहीच भागलं तर ऑपरेशन."

"आणि नातवंडं?"

"पुष्कळजणींना होतात मुलं. माझं कोण सांगणार? तुमच्या रिदवानला सगळं ठाऊक आहे."

"रिदवान गाढव आहे!" झहूरने बादली लाथाडली. आजूबाजूच्या बायकांचे हात थांबले. फुकटचा तमाशा कोण सोडतं? "डागी माल माझ्या लेकाच्या गळ्यात मारता? ऊठ! आईला सांग तुझ्या, लग्न मोडलं. असलं पोट माझ्या घरात नको!"

शैमा उठली. तिच्यापाठोपाठ वियामही उठली. तिने पंचा सोडला.

तीच जाळी. शैमाच्याहून गडद.

झहूर लेकीपुढे गुडघ्यांवर आली. हातमोज्याचा हात तिने त्या पोटावर ठेवला आणि घासू लागली. घासतच राहिली.

"आई, नाही निघत ते."

झहूरने हातमोजा काढला. शैमाकडे न बघताच ती गुरकावली, "उभी काय राहिलीस खांबासारखी? बस इथे. नाव सांग त्या डॉक्टरबाईचं."