लांबचं पार्क

मैत्रिणींबरोबर पहिल्यांदाच घरच्यांशिवाय सहलीला जायचं, म्हणून लेक हरखून गेली होती. थीम पार्क घरापासून तीन स्टॉपवर, बाप तिथलाच मेकॅनिक, चौघींना पास फुकट. पण बाप हटून बसला.

"कुठेही जा, आमच्या पार्कात नको."

"पण का?"

"सांगितलं ना एकदा."

तिने दोन दिवस अबोला धरला. शेवटी त्यानेच सहा तासांवरच्या शहरातल्या पार्कची चार तिकिटं काढून आणली. पहाटेच्या बसने पोरी गेल्या आणि त्याचा जीव भांड्यात पडला.

मग तो कामावर आला. रोलर कोस्टरच्या तिसऱ्या डब्याखालची चीर त्याने हाताने चाचपली. महिन्यापूर्वी नखाएवढी होती, आता बोटभर झाली होती. "सुट्ट्या संपल्या की डबा बदलू," हे मालकाचं ठरलेलं उत्तर, आणि त्यापुढे बोलणाऱ्याला दुसऱ्या दिवशी काम नसायचं. त्याने तपासणीच्या कागदावर रोजच्यासारखं 'सर्व ठीक' लिहून सही ठोकली आणि फाटक उघडलं.

रांगेत पुढेच चार मुली होत्या, त्याच्या लेकीच्याच वयाच्या. त्याने सहज विचारलं, "कुठून आलात गं?"

पहिलीने नेमकं त्याच शहराचं नाव घेतलं, जिकडे त्याची लेक निघाली होती.

"एवढ्या लांबून? तुमच्याकडे आहे की पार्क."



"आहे ना काका. माझे बाबा तिथेच मेकॅनिक आहेत. पण म्हणाले, कुठेही जा, आमच्या पार्कात नको."