अकरा नंबरची बाटली

बनाबाईनं दोन्ही बाटल्या परातीत ओतल्या. सात नंबरची तिची, अकरा नंबरची धाकट्या जावेची, चिमणाबाईची. गोळ्या दिसायला सारख्याच पिवळ्या. मिसळू नयेत म्हणून तिनं मध्ये हात आडवा धरला. मग आपल्या गोळ्या जावेच्या बाटलीत भरल्या आणि जावेच्या आपल्या बाटलीत.

मशेरी लावून लावून दोघींच्याही गालाला आतून पांढरे चट्टे पडले होते. अठ्ठ्याण्णव साली कोल्हापूरहून डॉक्टर प्रियदर्शनी हातकणंगल्याजवळच्या या जावांच्या गावात आल्या. असे चट्टे असलेल्या बारा बायका त्यांनी निवडल्या. "तंबाखूनं तोंडातल्या पेशी करपतात. त्यांची राखण करणारं जीवनसत्त्व जरा बदलून कारखान्यात बनवलंय. सहाजणींना ते देणार, सहाजणींना नुसती पिठाची गोळी. कुणाला काय मिळालं, ते मलाही वर्ष भरल्यावरच कळेल."

दोन महिन्यांत बनाबाईचा चट्टा फिकटला. चिमणाबाईचा वाढला, तिला तिखट घास सोसेना. खरं औषध कुणाकडं, हे सांगायला डॉक्टर कशाला लागतोय? बनाबाई विधवा, मूलबाळ नाही. चिमणाबाईच्या दोन पोरी अजून शाळेत जात होत्या. सांगून जावेनं ऐकलं नसतं. म्हणून दर महिन्याला नव्या बाटल्या आल्या, की चिमणाबाई धुण्याला गेलेली बघून ती गोळ्या बदलायची.

सहाव्या महिन्यात चिमणाबाईच्या चट्ट्याची गाठ झाली. आठव्यात तिचा अर्धा जबडा काढला. बोलणं गेलं. बनाबाई गोळी कुटून दुधातून पाजायची, तेव्हा ती नुसता जावेचा हात धरून ठेवायची. दहाव्या महिन्यात ती गेली. बनाबाईचं तोंड तोवर नितळ झालं होतं.

वर्ष भरल्यावर डॉक्टरांनी कोल्हापूरला बोलावलं. चिमणाबाईचा नवरा गणपतराव वहिनीला घेऊन गेला. खोलीबाहेरच्या बाकावर दुसऱ्या गावच्या बायका तोंडाला पदर लावून बसल्या होत्या. औषधासाठी नव्यानं आलेल्या. डॉक्टरांनी बंद पाकीट फोडलं. यादी वाचली, पुन्हा वाचली.

"अकरा नंबर खरं औषध. सात नंबर पीठ."

बनाबाई भिंतीशी खाली बसली.

"बाकीच्यांत औषधाचा थोडा गुण दिसतोय, पण इथं खरं औषध खाणारी गेली आणि पीठ खाणारी बरी झाली," डॉक्टर थकल्या आवाजात म्हणाल्या. "असलं औषध मी पुढं कुणाला देऊ? बाहेरच्या बायकांनाही परत पाठवते."

"आमच्या नशिबातच न्हवतं, बाई," गणपतराव म्हणाला. "वैनीनं तर सोताच्या हातानं पाजलंय की तिला, शेवटपतूर."

बनाबाईनं दाराबाहेर पाहिलं. बाकावरची एक तरणी बाई पदराआड गाल दाबून बसली होती. बनाबाई भिंतीला धरून उठली. दिराकडं तिला बघवलं नाही.

"त्यास्नी माघारी धाडू नका, बाई," ती म्हणाली. "चिमणीचं औषध म्या खाल्लंय."