बोटभर केस

कडकडीत पाण्यात मी घरातल्या सगळ्या फण्या बुडवल्या होत्या. त्यांत एक लाल फणी रूपाची होती, आमच्या कामवाल्या कौसाबाईंच्या मुलीची. ती गावाहून आली आणि आठवड्याभरात माझ्या ईराच्या डोक्यात उवा सापडल्या. मी कौसाबाईंना बजावलं, "तिचं डोकं भादरल्याशिवाय तिला इथं आणायचं नाही."

दुसऱ्या दिवशी रूपा आली ती गोटा करूनच. कमरेपर्यंतची वेणी गेली होती. ईराला मात्र मी औषध लावलं.

आज माझंही डोकं खाजत होतं. मी कौसाबाईंपुढे पाठ करून बसले. त्यांनी मानेवरची बट उजेडात धरली आणि त्यांचा हात थांबला.

"लिखा हाईत ताई. पन मुळाशी न्हाईत, आडव्या बोटभर वर हाईत."

"म्हणजे?"

"लीख मुळाशीच चिकटती. मग केस वाढंल तशी वर जाती. बोटभर जायला दोन म्हयनं लागत्यात."

रूपाला येऊन दहाच दिवस झाले होते. कौसाबाई एकेक लीख ओढून नखावर चिरडत राहिल्या.

रूपा दारात उभी होती. मी तिची लाल फणी पाण्यातून काढली, कोरडी पुसली आणि तिच्यापुढे धरली. तिनं ती घेतली, सवयीनं डोक्यापाशी नेली. मग माझ्या हातात परत ठेवली.

"ईराला द्या," ती म्हणाली. "तिला केस हाईत."