फरशी अजून ओलीच

अवकाळी पावसाने नदी फुगली आणि पाणी घरात घुसलं, तेव्हा तळमजल्यावरच्या धाकट्या जावेला झक मारत वरच्या मजल्यावर थोरलीकडे जावं लागलं. सासूबाईंचं शिलाई मशीन कुणाचं, यावरून दोघींचं नऊ वर्षं बोलणं बंद होतं. धाकटीने कपडे, भांडी सगळं पाण्यात सोडलं आणि वर उचलून आणलं काय, तर तेच मशीन!

पहिल्या दिवशी दोघी भिंतीशी बोलल्या. दुसऱ्या दिवशी थोरलीने मशीनला तेल घातलं, तिसऱ्या दिवशी धाकटीने सुईत दोरा ओवून दिला आणि चौथ्या दिवशी दोघी आपापल्या दिवंगत नवऱ्यांची उणीदुणी काढत खो-खो हसत होत्या.

एव्हाना पाणी ओसरलं होतं, गाळ काढून घर धुऊनही झालं होतं. पण थोरली रोज सकाळी खाली चक्कर मारून यायची आणि मान हलवायची, "फरशी अजून ओलीच आहे गं. अशा ओलीत झोपलीस तर सांधे धरतील. राहा आणखी एक दिवस."

फरशी सुकणार कशी? थोरलीच रोज तिच्यावर बादलीभर पाणी ओतून यायची.

आठव्या दिवशी थोरलीला उठायला उशीर झाला. ती बादली घेऊन धडपडत खाली गेली, तर फरशी ओलीचिंब आणि धाकटी रिकामी बादली हातात धरून उभी.



"तुम्ही झोपला होतात, जाऊबाई. म्हटलं, तेवढ्यात सुकायची!"