रंधा थांबतो तेव्हा

"श्वास घ्या... सोडा... पुन्हा घ्या," काचेआडून तंत्रज्ञ बाई माइकवर म्हणाल्या. पलीकडच्या बंद खोलीत सुतारकाका उघड्या छातीने यंत्राला टेकून उभे होते. साधा एक्स-रे एकच क्षण पकडतो. हा हलता होता, दहा-बारा सेकंदांचा. फुप्फुसं किती फुगतात ते कॉम्प्युटर चित्रांवरून मोजायचा आणि त्याची रेघ काढायचा. श्वास आत, रेघ वर. श्वास बाहेर, रेघ खाली.

रेघ एकदा वर गेली, खाली आली आणि तिथेच आडवी पडली. कॉम्प्युटरला भीडभाड नसते. त्याने लाल अक्षरांत लिहिलं, 'हालचाल अपुरी.'

ही दुसरी खेप होती. काकांच्या उजव्या फुप्फुसात गाठ होती. ती कापून काढायची तर उरलेल्या फुप्फुसांत दम हवा, नाहीतर माणूस टेबलावरून उठायचा नाही, असं सर्जननी तोंडावर सांगितलं होतं. नळीत फुंकायची चाचणी खोकल्यापायी तीनदा फसली होती. आता सगळी भिस्त या रेघेवर. किरणं किती द्यायची यालाही मर्यादा असते, त्यामुळे आणखी एकच खेप मिळणार होती.

बाईंनी चित्रं एकेक करून मागे नेली. त्यांच्या जिवाला चैन पडेना. थकलेलं फुप्फुस सुरुवातीपासूनच रडतखडत हलतं. हे पहिल्या श्वासाला झकास फुगत होतं आणि मग कुणीतरी दटावल्यासारखं गप्प बसत होतं.

"काका, श्वास सोडल्यावर मध्येच थांबता का तुम्ही?"

"छे हो! तुम्ही सांगता तसंच करतोय." काका ओशाळले. "रंधा मारायला सांगा, दिवसभर मारीन. हे उभ्या उभ्या श्वास घ्यायचं काम काही जमत नाही बुवा."

बाई बाहेर आल्या. काकू दाराजवळच्या बाकावर काकांचा शर्ट मांडीवर घेऊन बसल्या होत्या. चार पावलं चाललं तरी त्यांना धाप लागायची. सकाळी दोघं आत आली तेव्हा यातला पेशंट कोण, असा बाईंनाही क्षणभर प्रश्न पडला होता.

"काकू, घरी काका कधी श्वास रोखून धरतात का?"

"श्वासाचं नाही बाई कधी लक्षात आलं." काकू आठवू लागल्या. "रंधा मात्र थांबतो. मी स्वयंपाकघरात असते, हे शेजारच्या खोलीत काम करतात. चांगला चाललेला रंधा मध्येच थांबतो, मग पुन्हा सुरू होतो. दिवसभर तेच. मला वाटायचं, जुन्या लाकडात खिळा लागला असेल."

"कधीपासून?"

काकू बोटांवर वर्षं मोजू लागल्या आणि सातावर थांबल्या. सात वर्षांपूर्वी दम कोंडून त्या ओट्यापाशी कोसळल्या होत्या. रंध्याच्या आवाजात काकांना काही म्हणजे काही ऐकू गेलं नव्हतं. शेजारीण धावून आली म्हणून त्या वाचल्या. रंधा मध्येच थांबू लागला तो त्यानंतरच.

त्यांनी शर्टाची घडी केली, बाकावर ठेवली आणि भिंतीला धरून उठल्या. "मला आत येऊ द्या," त्या म्हणाल्या. "या वेळी मी बोलते."

तिसऱ्या खेपेची रेघ वर गेली, खाली आली, पुन्हा वर गेली. शेवटपर्यंत ती आडवी झाली नाही.

संध्याकाळी सर्जननी तिन्ही रेघा शेजारी शेजारी लावल्या. आकडे दोनदा तपासले. मग ऑपरेशनची तारीख लिहिली आणि मान वर केली.

"काय सांगितलंत तुम्ही त्यांना माइकवर?"

"मी नाही, सर. काकू बोलल्या." बाईंनी तिसऱ्या रेघेवर बोट ठेवलं. "म्हणाल्या, 'तुम्ही घ्या हो श्वास. माझा चालू आहे.'"