वीसपैकी दहा

"वीसपैकी दहा! अगं, पहिल्यांदाच खरा निकाल आपल्या कामाचा निघाला," दिग्दर्शक बसल्या जागी नाचला.

संकलन करणारी पोरगी हसली नाही. पडद्यावर बसल्या होत्या त्या तिच्या शाळेतल्या गणिताच्या बाई. तिनेच आणलेल्या.

टीव्हीवरच्या कार्यक्रमासाठी केलेला प्रयोग साधा होता. कोणी मागून टक लावून बघत असेल तर माणसाला कळतं का? बाईंच्या मागे काच, काचेपलीकडे खोली. दहा वेळा तिथे एक नट बसून त्यांच्या मानेकडे बघायचा. नाटकात तो प्रेताचं काम करायचा. ही त्याला बढतीच वाटली. उरलेल्या दहा वेळा त्याला बाहेर काढून खोलीला कुलूप. कोणी बघतंय असं वाटलं की बाईंनी घंटी दाबायची. "सगळं थोतांड निघालं!" हे निवेदकाचं वाक्य दोन दिवस आधीच चित्रित झालं होतं, कारण प्रयोगाच्या दिवशी त्याला दाढ काढायची होती.

बाईंनी वीसही वेळा घंटी दाबली.

"दहा बरोबर, दहा चूक. म्हणजे निव्वळ अंदाजपंचे," दिग्दर्शक म्हणाला. "इतके प्रामाणिक आपण कधीच नव्हतो."

"सर, पण खोलीला कुलूप असताना दर वेळी त्या काय म्हणाल्या ते ऐका ना."

पडद्यावर बाईंनी घंटी दाबली. "आता मघाचा नाही," त्या म्हणाल्या. "हा दुसरा आहे. हा पापणी लववत नाही."

दिग्दर्शकाने चित्र थांबवलं. मग म्हणाला, "काप."

"मी बाईंना शब्द दिलाय, काही कापणार नाही म्हणून."

"कार्यक्रम विज्ञानाचा आहे, भुताखेतांचा नाही. काप, नाहीतर सोमवारपासून स्वयंपाकाच्या कार्यक्रमात जा आणि कांदे काप."

तिने कापलं. दहा वेळा, दहा वाक्यं. आता पडद्यावर नुसत्या एक म्हाताऱ्या बाई होत्या, उगाचच घंटी वाजवणाऱ्या. दिग्दर्शक खूश होऊन जेवायला गेला.

पाच मिनिटांनी फोन वाजला.

"कापलंस ना गं?" बाईंचा आवाज. गृहपाठ न केलेल्या मुलीला विचारावं तितका शांत.

"बाई... तुम्हाला कोणी सांगितलं?"

"सांगणार कोण? प्रयोग झाला त्या दिवसापासून तो इथेच होता, माझ्या मागे. स्वयंपाकघरात, जिन्यात, सगळीकडे. आत्ता पाच मिनिटांपूर्वी गेला. म्हटलं, तुला विचारावं."

पोरीच्या मागे फक्त भिंत होती. प्रयोगातली घंटी टेबलावरच होती, कागद उडू नयेत म्हणून ठेवलेली.

मान न वळवता तिने हात लांब केला आणि ती दाबली.